नाव ठेवणारा कुठे उभा होता?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांचा विषय भूगोल. तेव्हा नकाशा समोर ठेवूनच बोलावे असे मी ठरवले, आणि नकाशा निवडला तो युरोपच्या उत्तर टोकाचा. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, थोडे आइसलँड, आणि तिथले लोक जहाजे हाकत जिथे जिथे गेले तो मुलूख. तिथली गावे, बेटे, डोंगर यांची नावे कशी पडली, एवढाच आजचा विषय आहे. ‘या नावाचा अर्थ काय’ हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. आज मी त्याच्या आधीचा एक प्रश्न विचारणार आहे: हे नाव ज्याने ठेवले तो त्या वेळी कुठे उभा होता?

सुरुवात ‘स्कँडिनेव्हिया’पासूनच करू. हे नाव तिथल्या कोणी ठेवलेले नाही, आणि आपण लिहितो त्या रूपात ते चुकीचे आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याच्या ग्रंथाच्या हस्तलिखितांतून ते आपल्यापर्यंत आले. मूळ ‘स्कादिनाविया’. मधला ‘न’ कुण्या नकलनविसाने घुसडला आणि तो कायम झाला. शब्दाचा शेवट ‘बेट’ किंवा ‘पाण्यालगतची जमीन’ या अर्थाचा. सुरुवातीविषयी मतभेद आहेत. कोणी तिथे स्कादी या देवतेचे नाव पाहतात. पण बऱ्याच अभ्यासकांना पटलेला अर्थ ‘धोका, इजा’ असा आहे. स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्कोने प्रांत आहे. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, स्कानोरजवळ, समुद्रात वाळूचे दांडे पसरले आहेत. जहाजे तिथे रुतत. म्हणजे दक्षिणेकडून येणाऱ्या खलाशाने दुरून किनारा पाहिला, ‘जपून, हे घातकी बेट’ म्हणाला, आणि त्या एका कोपऱ्याची ताकीद पुढे अख्ख्या द्वीपकल्पाला चिकटली. तो खलाशी जमिनीवर उतरला होता की नाही, कोण जाणे.

नॉर्वेचेही तसेच. ‘नोर्दवेग’, उत्तरेकडची वाट. देशाला वाटेचे नाव असावे हे विचित्र वाटते, पण नकाशा पाहिला की उलगडा होतो. पश्चिम किनाऱ्यासमोर बेटांची रांगच्या रांग आहे आणि बेटे व किनारा यांच्यामध्ये बऱ्याच ठिकाणी शांत पाणी. उघड्या समुद्राचा मार न खाता गलबत शेकडो कोस उत्तरेला जाऊ शकते. नवव्या शतकाच्या अखेरीस ओत्तार नावाचा एक नॉर्वेजियन इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाकडे गेला. आपण सगळ्या नॉर्वेजियनांत सर्वांत उत्तरेला राहतो, असे त्याने सांगितले, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने केलेल्या प्रवासाची हकीगत दिली. राजाकडच्या माणसांनी ती लिहून घेतली. तिच्यात हे नाव आहे. वाट आधी, देश नंतर.

आता थोडे शास्त्र सांगतो. नावांचे अर्थ लावण्याचा छंद सगळीकडे आहे आणि सगळीकडे तो घातक आहे. ओस्लोचीच गोष्ट घ्या. सतराव्या शतकाच्या आरंभी पेडर क्लाउसोन फ्रीस या विद्वान धर्मोपदेशकाने लिहून ठेवले की ओस्लो म्हणजे ‘लो नदीचे मुख’. अर्थ झकास बसला. एकच अडचण होती: लो नावाची नदीच नव्हती. तिथल्या नदीला आज आल्ना म्हणतात. फ्रीसमहाशयांनी नावावरून नदी काढली आणि पुढच्या पिढ्यांनी ती नदी नकाशावर वाहवली. आजच्या मतानुसार ‘लो’ म्हणजे कुरण, आणि पहिला भाग ‘डोंगरकडा’ तरी असेल किंवा ‘देव’ तरी. दोन्ही शब्दांचे जुने रूप सारखेच असल्याने निकाल लागलेला नाही. लागायची घाईही नसावी.

या छंदाचे शास्त्र करणारा माणूस ओलुफ रीग. 1833 चा जन्म, 1899 ला निधन. पेशाने पुरातत्त्वाचा प्राध्यापक. नॉर्वेत आपल्यासारखी गावठाणे जुन्या काळी फारशी नव्हतीच. शेतात घर आणि घराभोवती शेत, अशा सुट्या वस्त्या. प्रत्येक वस्तीला स्वतःचे नाव, आणि कुटुंब ओळखले जाई तेही त्या नावानेच. 1814 पर्यंत देश डेन्मार्कच्या राजाखाली असल्याने सरकारी जमीननोंदीत ही नावे डॅनिश कारकुनी वळणाने लिहिलेली. कारकुनाला जे कळले नाही ते त्याने ‘सुधारले’. 1878 साली ही नोंद दुरुस्त करण्यासाठी आयोग नेमला गेला आणि रीग त्यात होता. त्या कामातून ‘नॉर्वेतील वस्तीनामे’ हा प्रचंड ग्रंथ उभा राहिला. 1897 पासून तो छापला जाऊ लागला, 1936 मध्ये पुरा झाला, एकूण 19 भाग. रीग पहिल्याच टप्प्यात गेला. बाकीचे काम इतरांनी तडीस नेले.

त्याची रीत तीन कसोट्यांची. एक, नावाचे सर्वांत जुने लिखित रूप शोधायचे. दोन, त्या परिसरातली शेतकरी माणसे आज ते कसे उच्चारतात ते ऐकायचे. शहरातून आलेला पाद्री कसा उच्चारतो त्याला किंमत नाही. तीन, जागेवर जाऊन जमीन पाहायची. नाव ‘खाडी’ म्हणत असेल आणि खाडी नसेल तर थांबायचे. ऐकायला सोपे वाटते, पण अशिक्षित शेतकऱ्याचा उच्चार हा सरकारी दप्तराइतकाच, कित्येकदा त्याहून विश्वसनीय पुरावा आहे, हे एकोणिसाव्या शतकातल्या प्राध्यापकाने मान्य करणे सोपे नव्हते.

या रीतीचा एक सुंदर उपयोग म्हणजे नावांचे वय काढणे. बर्गन शहराचे जुने नाव ‘ब्योर्ग्विन’. ‘विन’ म्हणजे गुरांचे कुरण, तेव्हा डोंगरांमधले कुरण. नॉर्वेत ‘विन’ने संपणारी नावे शेकड्यांनी आहेत, बरीचशी झिजून ओळखू न येणारी. आइसलँडमध्ये मात्र ती जवळजवळ नाहीत. नॉर्वेजियन लोक आइसलँडमध्ये वस्तीला गेले ते नवव्या शतकाच्या उत्तरार्धात. कुरणांची तिथे काही कमी नव्हती. याचा अर्थ एकच: ते बोटीत चढले तेव्हा ‘विन’ हा शब्द नावे पाडण्याच्या कामातून निवृत्त झाला होता. ‘स्टादिर’, म्हणजे अमक्याचे ठिकाण, हा शब्द त्यांनी बरोबर नेला आणि आइसलँडभर पेरला. म्हणून ‘विन’ची नावे जुनी, ‘स्टादिर’ची त्यामानाने नवी. पूर्व नॉर्वेतली ‘रुड’ आणि डेन्मार्कमधली ‘रोड’ अशी अखेर असलेली नावे, म्हणजे जंगल तोडून काढलेली जमीन, ही बहुतेक त्याहून अलीकडची. डेन्मार्कमधले ‘तोर्प’ म्हणजे मूळ गावातून फुटलेली वाडी. एखाद्या तालुक्याचा नकाशा घेऊन या अखेरी वेगवेगळ्या रंगांत रंगवा. आधी कसदार सपाट जमीन, मग उतार, मग रान, असा लोकसंख्येचा विस्तारच समोर येतो.

याच ‘विन’वरून विसाव्या शतकात चांगलाच वाद पेटला. सन 1000 च्या सुमारास नॉर्स लोक, म्हणजे जुन्या काळचे हे उत्तरेकडचे लोक, अमेरिकेला पोचले आणि त्या भूमीला त्यांनी ‘विनलँड’ म्हटले, असे जुन्या कथा सांगतात. हेल्गे इंग्स्टाड आणि त्याची पुरातत्त्वज्ञ पत्नी आन्ने स्टिने यांना 1960 नंतर कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला नॉर्स घरांचे खरोखरच अवशेष सापडले. पण तिथे द्राक्षे येत नाहीत! इंग्स्टाड म्हणाला, मग हे द्राक्षमद्याचे ‘वीन’ नव्हे, कुरणाचे ‘विन’ आहे. भाषाशास्त्रज्ञांनी दोन आक्षेप घेतले. कथांमधला स्वर दीर्घ आहे आणि कुरणाच्या शब्दातला ऱ्हस्व. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांबद्दल छड्या खाल्लेल्या आपल्या पिढीला हा आक्षेप लगेच पटेल. दुसरा आक्षेप अधिक जड: आइसलँडला जातानाच जो शब्द वापरातून गेला होता, तो आणखी सव्वाशे वर्षांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर कसा जिवंत झाला? शिवाय 1075 च्या सुमारास ब्रेमेनच्या आदामने हे नाव द्राक्षवेलींवरून पडल्याचे लिहिले आहे. इंग्स्टाडला घरे बरोबर सापडली. नावाचा अर्थ मात्र माझ्या मते त्याला सापडला नाही. नॉर्स लोक तिथून आणखी दक्षिणेला गेले असतील आणि द्राक्षे त्यांनी तिकडे पाहिली असतील.

आता देवांकडे येतो, कारण या विषयाचा सर्वांत श्रीमंत भाग तोच आहे. नॉर्स देवांच्या कथा आपल्याला कळतात त्या मुख्यतः तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिलेल्या ग्रंथांतून, म्हणजे ख्रिस्ती धर्म आल्यावर दोनशे वर्षांनी. त्या कथांत ओदिन मोठा, थोर मोठा; ऊल नावाचा एक देव आहे, धनुर्विद्या आणि बर्फावरून घसरत जाण्यात पटाईत, पण त्याच्याविषयी जवळजवळ काहीच सांगितलेले नाही. कथाच वाचली तर हा किरकोळ देव. नकाशा उघडला की चित्र पालटते. ओस्लोच्या परिसरात उल्लेवोल, उल्लेर्न, उल्लेनसाकेर. स्वीडनमध्ये उप्सालाच्या भोवती उल्लेरोकेर, उल्लेवी. मध्य स्वीडन आणि पूर्व नॉर्वे ऊलच्या नावाने भरलेले आहेत. डेन्मार्कमध्ये त्याचा मागमूस नाही म्हटले तरी चालेल. तिथे दुसरा देव, टीर. त्याची नावे डेन्मार्कमध्ये बरीच आहेत, नॉर्वेत टीस्नेस हे एकच ठळक. थोर सगळीकडे आहे. ओदिन डेन्मार्कमध्ये आहे. ओदेन्से शहर म्हणजे ‘ओदिनचे पवित्र स्थान’. आइसलँडमध्ये थोरच्या नावाच्या जागा आहेत, ओदिनच्या शोधाव्या लागतात. कथाकारांनी एकाच दरबारात बसवलेले हे देव प्रत्यक्षात वेगवेगळ्या मुलखांचे, वेगवेगळ्या लोकांचे दैवत होते. नॉर्वेच्या माग्नुस ओल्सेनने 1915 मध्ये याच नावांच्या आधारे त्या विस्मृत धर्माचा भूगोल मांडला. तेव्हा पुष्कळांना तो कल्पनाविलास वाटला, आणि काही ठिकाणी तो होताही.

मग 2007 साली एक गोष्ट घडली. स्टॉकहोमच्या वायव्येला, उप्लांड्स-ब्रो परिसरात, ‘लिल्ला उल्लेवी’ नावाची जागा आहे. लिल्ला म्हणजे धाकटे. ‘वी’ म्हणजे देवस्थान. ऊलचे धाकटे देवस्थान. बांधकामाआधी तिथे उत्खनन करायचे ठरले. नाव असे, तर काही सापडेल का, ही उत्सुकता होतीच, पण अशा नावाखाली खरोखर देवस्थान सापडल्याची उदाहरणे फारच थोडी होती. सापडली ती दगडांची मुद्दाम रचलेली मांडणी, खांबांच्या खुणा आणि लोखंडाच्या साठाहून अधिक कड्या. व्हायकिंगांच्या आधीच्या काळातल्या. आता गंमत पाहा. जुन्या नॉर्स काव्यात ‘ऊलच्या कडी’वर हात ठेवून घेतलेल्या शपथेचा ओझरता उल्लेख येतो. त्या ओळीचे काय करायचे हे कोणाला नीट कळत नव्हते. धर्म गेला, देवाच्या कथा गेल्या, देवळाचा दगडही दिसेनासा झाला. हजार वर्षे तिथे नांगर धरणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यांना ऊल कोण हे ठाऊक नसणार. तरी ते नाव म्हणत राहिले, आणि नाव बरोबर होते.

समुद्रावर नियम निराळे असत. तिथे नाव घेणे धोक्याचे. स्वीडनच्या काल्मार सामुद्रधुनीत एक गोल खडकाळ बेट आहे. मूळ नाव ब्लोकुल्ला. लोकसमजुतीप्रमाणे चेटकिणी जमतात ती जागा. खलाशी बोटीत असताना ते नाव उच्चारत नसत, ‘कुमारी’ म्हणत. आज नकाशावर ‘ब्लो युंगफ्रून’, निळी कुमारी, हेच नाव छापलेले आहे. भीतीपोटी घेतलेले टोपणनाव अधिकृत झाले.

आता पश्चिमेला जाऊ, कारण ‘नाव ठेवणारा कुठे उभा होता’ याची सर्वांत स्वच्छ उत्तरे तिथे मिळतात. ब्रिटनच्या मुख्य भूमीच्या अगदी उत्तरेला एक परगणा आहे: सदरलँड. अर्थ, दक्षिणेकडची भूमी! लंडनहून पाहणाऱ्याला हे वेडेपणाचे वाटेल. पण नाव ठेवणारे नॉर्स लोक ऑर्क्नी बेटांवर बसलेले होते, आणि तिथून ती दक्षिणच. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या हेब्रिडीज बेटांना ते ‘सुद्रेयार’, दक्षिणेची बेटे, म्हणत. तो शब्द एका बिशपच्या ‘सोडोर अँड मॅन’ या पदवीत आजही अडकून आहे. आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर ‘वेस्टमानएयार’ आहेत, पश्चिमेच्या माणसांची बेटे. ही पश्चिमेची माणसे म्हणजे आयरिश. पहिल्या वसाहतकऱ्यांपैकी ह्योर्लेफ याला त्याच्या आयरिश गुलामांनी मारले आणि ते या बेटांवर पळाले. त्याचा भाऊबंद इंगोल्फ याने त्यांना तिथे गाठून ठार केले, असे वसाहतींची हकीगत सांगणारा ‘लांडनामाबोक’ हा ग्रंथ म्हणतो. आइसलँडहून पाहिले तर आयर्लंड पश्चिमेला नाहीच. नॉर्वेहून आहे. माणसे घरदार सोडून समुद्रापार आली, पण दिशा मोजत होती ती जुन्या अंगणातून.

इंग्लंडात ‘बी’ने संपणारी गावे डॅनिश वस्तीची खूण: ग्रिम्स्बी, व्हिटबी, डर्बी. डर्बीला आधी नॉर्थवर्दी असे इंग्रजी नाव होते. पण माझे आवडते नाव इंगल्बी. अर्थ, इंग्रजांचे गाव. इंग्लंडात इंग्रजांचे गाव असावे यात सांगण्यासारखे काय? ज्या टापूत भोवतालचे सगळे डेन, तिथे ‘ते बघा, त्या गावात इंग्रज राहतात’ असे बोट दाखवून सांगावे लागे. मूळ रहिवाशांची खास नोंद शेजाऱ्याने केली आणि तीच टिकली.

शेटलँड आणि ऑर्क्नी बेटांची गोष्ट जरा उदास आहे. 1468-69 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या पहिल्या क्रिस्तियानने मुलीच्या हुंड्यापोटी ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली. पैसे कधी फिटले नाहीत, बेटे कधी परतली नाहीत. तिथली नोर्न भाषा हळूहळू मेली. 1893 साली याकोब याकोब्सेन हा फॅरो बेटांवरचा भाषाशास्त्रज्ञ शेटलँडला गेला. तोवर ती बोलणारे कोणी उरले नव्हते. त्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडचे सुटे शब्द टिपले, आणि बेटभर फिरून खडक, वाफे, ओहोळ यांची नावे गोळा केली. लर्विक म्हणजे चिखलाची खाडी. हेच नाव नॉर्वेतही आहे, फॅरोवरही. ऑर्क्नीतले कर्कवॉल मूळचे ‘किर्क्युवाग’, चर्चची खाडी. पुढच्या लोकांना ‘वाग’ कळेना, म्हणून त्यांनी तिथे इंग्रजी भिंत उभी केली.

एक बाजूचा मुद्दा सांगून टाकतो. स्टॉकहोमजवळच्या बेटावर इटर्बी नावाचे लहानसे ठिकाण आहे. अर्थ, बाहेरचे गाव. तिथल्या खाणीत 1787 मध्ये एक काळा दगड मिळाला आणि त्यातून व तशाच खनिजांतून निघालेल्या चार मूलद्रव्यांना इट्रियम, टर्बियम, अर्बियम, इटर्बियम अशी नावे पडली. एका आडगावाच्या नावाचे चार तुकडे जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगलेले आहेत. कोपनहेगन म्हणजे ‘व्यापाऱ्यांचे बंदर’. त्यातले बंदर हाफ्नियम या मूलद्रव्याच्या नावात गेले, व्यापारी मागे राहिले.

नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाशी आता येऊ. 1624 मध्ये ओस्लो जळाले. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा चौथा क्रिस्तियान याने ते किल्ल्याच्या आडोशाला हलवले आणि स्वतःचे नाव दिले, क्रिस्तियानिया. जुन्या जागेवरच्या गरीब वस्तीला लोक ओस्लोच म्हणत राहिले. तीनशे वर्षांनी, 1 जानेवारी 1925 ला, राजधानीने त्या उपनगराकडून आपले नाव परत घेतले. इथे सगळे खूश. ट्रोन्डहेममध्ये मात्र घोटाळा झाला. 1930 मध्ये संसदेने या शहरालाही त्याचे मध्ययुगीन नाव दिले, निदारोस. इतिहासदृष्ट्या निर्दोष. रहिवासी रस्त्यावर उतरले. त्यांना ‘ट्रोन्ड्येम’ हे आपल्या तोंडातले, डॅनिश वळणाचे नावच हवे होते. 1931 मध्ये तडजोड झाली आणि ‘ट्रोन्डहेम’ आले. जुने ते आपोआप आपले होत नाही, एवढे संसदेला त्या वर्षभरात कळले असावे. हेच डेन हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांनी तंजावरच्या मुलखात, तरंगमबाडीला, 1620 मध्ये किल्ला बांधून त्याला ‘दान्सबोर्ग’ म्हटले. बंगालमधल्या श्रीरामपूरला मात्र ‘फ्रेडरिक्सनगर’. राजा त्यांचा, नगर आपले.

उत्तरेला सामी लोकांचा प्रदेश आहे. त्यांची भाषा वेगळ्याच कुळातली. तिथे नावे आधीपासून होती. नॉर्वेजियन नकाशाकाराला ती ऐकू आली नाहीत, किंवा फिनिश वळणाने ऐकू आली. गुओव्दागेआइद्नु, ‘वाटेचा मध्य’, त्याचे काउतोकेइनो झाले. 1902 च्या कायद्यानुसार नॉर्वेच्या उत्तरेकडच्या फिनमार्क प्रांतातली सरकारी जमीन विकत घ्यायची तर नॉर्वेजियन बोलता, वाचता, लिहिता येणे सक्तीचे होते. 1990 च्या स्थलनाम कायद्याने दिशा उलटी केली: स्थानिक, वारशाने आलेला उच्चार हा आधार, आणि सामी नावेही फलकावर. रीगची दुसरी कसोटी कायद्यात आली. कोफ्योर्ड गावाच्या फलकावर गाइवुओत्ना हे सामी नाव झळकले आणि कुणीतरी त्यावर बंदुकीच्या गोळ्या झाडल्या.

स्वीडनच्या किरुना शहराची हकीगत सांगतो आणि थांबतो. शहराचे नाव सामी ‘गिरोन’वरून, म्हणजे बर्फात पांढरा होणारा तितरासारखा पक्षी. शेजारचा डोंगर किरुनावारा, त्या पक्ष्याचा डोंगर. समोरचा लुओसावारा, साल्मन माशाचा डोंगर. दोन्ही लोखंडाचे. 1890 मध्ये स्थापन झालेल्या खाणकंपनीच्या नावात हे दोन्ही डोंगर आहेत. खाण खोल जात जात शहराखाली सरकली, जमीन खचू लागली, आणि 2004 मध्ये जाहीर झाले की शहर हलवावे लागेल. नवे मध्यवर्ती शहर सुमारे तीन किलोमीटर पूर्वेला उभे राहिले. 2025 च्या ऑगस्टमध्ये 600 टनांहून जड असे लाकडी चर्च अखंड उचलून तिकडे नेले; रस्त्याच्या दुतर्फा माणसे पाहत उभी होती. नावही हलले. पक्ष्याचा डोंगर जागेवरच आहे, पण आतून रोज कमी होतो आहे. पुढे कधी कोणी रीगची पद्धत घेऊन किरुनाला गेला तर त्याला जुने लिखित रूप मिळेल, स्थानिकांचा उच्चारही मिळेल. जमीन पाहायला मात्र त्याला कुंपणापलीकडच्या खड्ड्याशी जावे लागेल, आणि तिथे जायला कंपनीची परवानगी लागते.